रब्बीची शिवारफेरी : भूमध्य समुद्राकडची झाडं आपल्या पाणंदीला कशी ओळखायची

संक्रांतीच्या सुगडात आपण हरभऱ्याचे घाटे घालतो, गव्हाच्या ओंब्या घालतो. दोन्ही पिकं मुळात इथली नाहीत. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आजही तुर्कस्तानच्या आग्नेय भागातल्या डोंगरांवर उगवतो आणि गहू माणसाच्या हाताखाली आला तो त्याच पट्ट्यात. मेथी, धने, शेपू, बडीशेप, जवस, करडई, कोबी, द्राक्ष ही सगळी मंडळी भूमध्य समुद्राच्या काठची किंवा त्याच्या पूर्वेच्या मुलखातली. सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही गावाबाहेर हिवाळ्यात तीन-चार किलोमीटर चाललं की यातली निम्मी-अधिक बघायला मिळतात. फेरी कशी आखायची, कुठं थांबायचं आणि कुठल्या झाडापाशी काय तपासायचं ते पुढं दिलं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मग बाकीचं आपोआप उलगडतं. भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथलं वर्षायू रोप पावसाच्या सुरुवातीला उगवतं, थंडीत हळूहळू वाढतं, वसंतात फुलतं आणि ऊन तापायच्या आत दाणे भरून वाळून जातं. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. हिवाळा कोरडा. म्हणजे वेळापत्रक अगदी उलटं. तरी ही झाडं इथं जगली, कारण आपली काळी जमीन पावसाळ्यातलं पाणी पोटात धरून ठेवते. वरून पाऊस नसला तरी खालून ओल मिळते, पहाटे दव पडतं आणि पारा खाली येतो. रोपाला तेवढं पुरतं. रब्बी हंगाम म्हणजे या परदेशी झाडांनी आपल्या मातीत शोधलेला त्यांचा हिवाळा. ही खूण ध्यानात ठेवली की रानात उभं असलेलं एखादं पीक कुठल्या मुलखातून आलं असेल याचा निम्मा अंदाज नुसत्या महिन्यावरून बांधता येतो. शाळूसारखे अपवाद आहेतच. शाळू रब्बीचा असला तरी ज्वारी आफ्रिकेची.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. एकच दिवस निवडायचा असेल तर जानेवारीचा पहिला पंधरवडा निवडा. त्या वेळी हरभऱ्याला फूल आणि घाटा दोन्ही असतात, जवस निळा झालेला असतो, करडईची बोंडं उमलू लागतात, बियाण्याला सोडलेली कोथिंबीर फुलावर येते आणि द्राक्षाचे घड मण्यांनी भरलेले असतात.

सूर्य उगवायच्या सुमारास निघा आणि साडेदहाच्या आत परत या. हे केवळ उन्हासाठी नाही. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. दुपारी गेलात तर हिरव्या काड्यांखेरीज काही दिसणार नाही आणि जवस फुललाच नाही असा समज होईल. हरभऱ्यावरची आंब, म्हणजे पानांवरचे आंबट थेंब, बघायची तर ऊन चढायच्या आत रानात पोचायला हवं.

दिवस ठरवताना आणखी एक बघा. त्या रानाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं नसावं. काळ्या रानात वाफसा आलेला नसताना पाय घातला तर चपलेला चिखलाचे गोळे लागतात, चालवत नाही, आणि तुडवलेली जागा आवळून येते. त्यात शेतकऱ्याचं नुकसान आहे.

रस्ता कसा निवडायचा

चार प्रकारच्या जागा एका फेरीत बसल्या पाहिजेत : जुन्या घरांचं किंवा देवळाचं आवार, काळं जिराईत रान, विहिरीवरचा किंवा पाटाचा भाजीचा मळा, आणि एखादी फळबाग. हे चारही चार किलोमीटरच्या आत मिळाले की रस्ता जमला. थांबत, बघत चाललं तर चार किलोमीटरला अडीच ते तीन तास लागतात. त्याहून लांबचा रस्ता आखू नका. पुढं पुढं पाय उचलला जातो आणि बघणं राहून जातं.

द्राक्षं बघायची तर तासगाव तालुका हवा. मणेराजुरी, सावळज या बाजूला बागाच बागा आहेत. डाळिंबासाठी आटपाडी. ही पूर्वेकडची गावं मुळात कमी पावसाची. म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी आल्यापासून तिथं बागा वाढल्या. कमी पावसाचा प्रदेश भूमध्य समुद्राकडच्या फळझाडांना मानवतो, कारण त्यांचा खरा शत्रू दमट हवा आहे. सांगली शहरातल्यांना जवळची फेरी हवी असेल तर हरिपूरच्या बाजूला जा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गाळाच्या जमिनीत ऊस, हळद आणि भाजीपाला भेटेल. ऊस आणि हळद मात्र आपल्या यादीतली नव्हेत, ती उष्ण आणि ओल्या मुलखांतली पिकं आहेत. साताऱ्याकडच्यांनी खटाव-माणची वाट धरावी. औंधच्या आसपासच्या रानांत शाळू, हरभरा आणि करडई एकाच नजरेत येतात. महाबळेश्वर-पाचगणीचा घाटमाथा या फेरीसाठी सोडून द्या, तिथला पाऊस या झाडांना झेपत नाही.

एकदा एकट्यानं रस्ता चालून या आणि थांबे ठरवा. आठ-नऊ थांबे पुरेत. बरोबर आठ-दहा माणसांपेक्षा जास्त घेऊ नका. बांध अरुंद असतो, मागचा माणूस हटकून पिकात पाय टाकतो.

बरोबर काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते नसेल तर यातल्या निम्म्या गोष्टी दिसणारच नाहीत. माणशी एक लिटर पाणी. पूर्ण पायाची जाडसर विजार आणि बंद बूट, कारण करडईचे काटे पातळ कापडातून आत जातात. वही आणि पेन्सिल, कारण दवानं शाई फुटते. फोटो काढणार असाल तर दहा रुपयांचं एक नाणं खिशात ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, ते पानाशेजारी धरून फोटो काढला की घरी आल्यावरही माप कळतं. प्रत्येक झाडाचे पाच फोटो लागतात : संपूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, पान खोडाला चिकटतं ती जागा, आणि फूल किंवा फळ. बहुतेक जण नुसतं फूल टिपतात आणि मग ओळख पटत नाही.

पाणंद सार्वजनिक असते, बांध नसतो. रानात माणूस दिसला तर आधी विचारा. "मामा, जरा बांधावरनं फिरून झाडं बघू का? तोडणार काही न्हाई." बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "बघा की, फक्त पाट तुडवू नका." कुणी नको म्हटलं तर तिथनं निघा. उभ्या पिकातलं पानसुद्धा न विचारता तोडू नका. वास घ्यायचा असेल तर पान झाडावरच बोटांत हलकं चोळा.

घराचं आवार : कण्हेर, डाळिंब, अंजीर

पहिला थांबा जुन्या वाड्याच्या किंवा देवळाच्या आवारात घ्या. तिथं तांबडी किंवा पांढरी कण्हेर असतेच. कण्हेर भूमध्य समुद्रापासून दक्षिण आशियापर्यंत रानात वाढते, आणि तिकडं ती उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांच्या पात्रात, दगडगोट्यांत उभी असते. पानं बघा : एका पेरावर तीन पानं गोलाकार लागतात. आता पान न तोडता उलटं करा आणि भिंग लावा. शिरांच्या मधे बारीक फिकट ठिपके दिसतील. ते केसांनी भरलेले खळगे आहेत. पानाची श्वासरंध्रं या खळग्यांच्या तळाशी असतात. वारा तिथवर पोचत नाही, म्हणून वाफ कमी उडते. हमरस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर तग धरते त्यामागं हेही एक कारण आहे.

शेजारी पिवळी कण्हेर असेल तर तिच्या नावावर जाऊ नका. ती वेगळं झाड आहे, उष्ण अमेरिकेतून आलेलं. तिची पानं एकाआड एक आणि बारीक असतात, फूल घंटेसारखं आणि पान तुटलं की पांढरा चीक येतो. दोन्ही विषारी आहेत, आणि विष सगळ्या भागांत असतं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. लहान मुलं बरोबर असतील तर याच थांब्यावर स्पष्ट सांगा : फूल तोंडात घालायचं नाही, काडीनं दात कोरायचे नाहीत, वाळलेल्या फांद्या शेकोटीत टाकायच्या नाहीत.

डाळिंब इराणपासून वायव्य हिमालयापर्यंतच्या टापूतलं. फळाच्या टोकाचा मुकुट म्हणजे फुलाचा निदलपुंज, पाकळ्यांच्या बाहेरचं वेष्टन, असतो. फुलावर असतानाच तो जाड आणि मेणचट दिसतो. आटपाडीकडं बाग बघायला मिळाली तर झाडाला कुठला बहर धरला आहे ते विचारा : मृग, हस्त की आंबिया. डाळिंबाला इथं पानगळीची थंडी मिळत नाही, म्हणून शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानं गळतात, आणि पाणी सोडलं की झाड एकदम फुलावर येतं. तिकडं हे काम ऋतू करतो, इथं माणूस करतो. फळावर काळपट तेलकट डाग आणि मधे चीर दिसली तर तो तेल्या. तो जिवाणूंमुळं होतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो. मृग बहराला त्याचा धोका जास्त, तो यामुळंच.

अंजिराचं पान हाताला पॉलिशपेपरसारखं लागतं. चीक अंगाला लागू देऊ नका, वर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते. जवळपास उंबर असेल तर दोघांची फळं शेजारी धरून बघा. दोन्हींत फुलं आतच असतात, दोन्ही एकाच कुळातली. उंबराला बी धरायला आत शिरणारी चिलटासारखी गांधीलमाशी लागते. आपल्याकडच्या पूना जातीच्या अंजिराला फळ पोसण्यासाठी ती लागत नाही.

काळं रान : इथं जास्त वेळ द्या

हरभऱ्याच्या रानाच्या कडेला उकिडवं बसा. पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब असतो. दवाचे थेंब पानाच्या कडेला मोठे आणि वेगवेगळ्या आकारांचे असतात. हे थेंब मात्र टाचणीच्या डोक्याहून बारीक आणि एकसारखे. बोट टेकवून जिभेला लावा (फवारणी झाली नाही ना, हे आधी विचारा) : झणझणीत आंबट. यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. हीच आंब. पूर्वी पहाटे पिकावर स्वच्छ धोतर किंवा पांढरं फडकं ओढत नेऊन ते पिळून आंब साठवायचे, पोटदुखीवर द्यायचे. हरभऱ्यात भटकल्यावर पायांना चरचरतं आणि विजारीचा रंग उतरतो, ते याच थेंबांनी. अवकाळी पाऊस झाला किंवा तुषार सिंचन चालू असलं तर आंब धुऊन जाते, त्या दिवशी हा थांबा वगळा. रानात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या रोवलेल्या दिसल्या तर ते पक्षीथांबे आहेत. त्यांवर बसणारे पक्षी घाटेअळी वेचतात. त्या काठ्यांना टेकू नका.

शाळूच्या कडेनं काटेरी पिकाचे पाटे दिसतील, ती करडई. गुरं काट्यांना घाबरून आत शिरत नाहीत म्हणून ती कडेनं पेरायची रीत आहे. करडईची मूळ जागा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात. सोटमूळ खोल जातं, वरची माती भेगाळली तरी झाड हिरवं राहतं. बोंड पिवळं उमलतं आणि सुकताना केशरी-तांबडं होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसले तर त्या दोन जाती नव्हेत, एकाच बोंडाचं वय आहे. कोवळी पानं भाजीला चालतात, फूल येईपर्यंत ती टणक आणि काटेरी होतात.

जवसाचा पट्टा मिळाला तर नशीब. आता तो थोडाच पेरतात, चटणीपुरता. इजिप्तमधल्या ममींभोवती गुंडाळलेलं कापड याच झाडाच्या धाग्याचं. धाग्यासाठीच्या जाती उंच आणि सरळ, आपल्या तेलबियांच्या जाती बुटक्या आणि फांद्यांच्या. एवढं सोडता झाड तेच.

गव्हापाशी विचारायचा प्रश्न एकच : साधा की खपली? कृष्णाकाठी, सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात खपली गहू टिकून राहिला आहे. पश्चिम आशियातल्या शेतीच्या आरंभीच्या पिकांत तो आहे. ओळख पटवायची तर वाळलेली ओंबी मागून घ्या आणि तळहातावर चोळा. साध्या गव्हाचा दाणा तुसातून सुटून मोकळा होतो. खपलीची ओंबी तुकड्या-तुकड्यांत तुटते पण दाणा आतच राहतो, आणि नखानं सोललं तर एका खपलीत साधारण दोन दाणे निघतात. म्हणूनच खपली मळल्यावर पुन्हा सडावी लागते. जानेवारीत ओंबी हिरवी असल्यानं ही परीक्षा जमत नाही, तेव्हा शेतकऱ्याच्या घरी मागच्या वर्षीची कणगी असेल तर तिथं बघा.

गव्हाच्या बुडाशी, पाटाच्या ओलीला, वीतभर उंचीचं एक तण दिसतं. चौकोनी देठ, समोरासमोर बिनदेठाची पानं, आणि नखाएवढं गर्द निळं, पाच पाकळ्यांचं फूल, मध्यभागी जांभळट तांबडं. वनस्पतिशास्त्रात याला ॲनागॅलिस म्हणतात. हे भूमध्य समुद्राकडचं. गव्हाच्या बियाण्यात मिसळून अशी तणं जगभर गेली. आभाळ भरून आलं की हे फूल मिटतं, दुपार कलली की तेव्हाही मिटतं. याच रानात पिवळ्या तुऱ्यांची रानमेथी असते, तिचीही गोष्ट तीच.

मळा : तीन पानांचा घोळ

भाजीच्या मळ्यात सर्वांत जास्त चुका होतात त्या मेथीपाशी. मेथी, लसूणघास आणि रानमेथी, तिघींना त्रिदळी पान. नुसत्या पानावर जाऊन फसू नका.

फुलं असतील तर काम सोपं. मेथीचं फूल पिवळट पांढरं, पानाच्या बेचक्यात एखाद-दुसरं, आणि शेंग लांब, तलवारीसारखी किंचित वाकलेली, टोकाला चोच. लसूणघासाचं फूल जांभळं, गुच्छात, आणि शेंग स्प्रिंगसारखी वेटोळी. रानमेथीचं फूल बारीक पिवळं, लांब तुऱ्यावर, शेंग दाण्याएवढी गोल. फुलं नसतील तर दलांची कड बघा. घासाच्या दलाला दाते फक्त टोकाकडं असतात, रानमेथीच्या दलाला सगळ्या कडेनं. मेथी मात्र हाताला वास देऊन स्वतःच सांगते. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'ग्रीक वैरण' असा होतो. रोमन लोक ती जनावरांना घालायचे. आपण पालेभाजी म्हणून जिची जुडी घेतो ती तिकडं घासाची बहीण होती.

धने, शेपू, बडीशेप, ओवा हे एका कुळातले : छत्रीच्या काड्यांसारखे देठ आणि वर फुलांचं छत्र. आधी रंग बघा. शेपू आणि बडीशेप पिवळी, कोथिंबीर आणि ओवा पांढरा. पिवळ्यांत वासानं निवाडा होतो. पांढऱ्यांत कोथिंबिरीच्या छत्राला भिंग लावा. मधली फुलं लहान आणि सारख्या पाकळ्यांची, पण कडेच्या फुलांची बाहेरच्या अंगाची पाकळी मोठी आणि दुभंगलेली. सगळं छत्र मिळून दुरून एकच मोठं फूल वाटतं आणि माश्या-मधमाश्या तिकडं वळतात. कोथिंबिरीची खालची पानं रुंद आणि वरची दोऱ्यासारखी बारीक असतात. फुलावर आलेली कोथिंबीर नवख्याला ओळखू येत नाही ती यामुळंच. तुतनखामेनच्या थडग्यात धने सापडले आहेत, इतका याचा वापर जुना.

इथं गाजरगवताची खबरदारी घ्या. पान गाजरासारखं असलं तरी ते या कुळातलं नाही. अमेरिकेतून आलेलं आहे, आणि त्याच्या स्पर्शानं काहींच्या अंगाला खाज सुटते. बांधावरची अनोळखी छत्री फुलं चाखून बघायची नाहीत, कधीच.

कोबी-फ्लॉवरच्या पानावर ओंजळभर पाणी शिंपडा. थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. निळसर मेणाचा थर आहे तो. कोबीचे रानटी भाऊबंद समुद्रकाठच्या कड्यांवर, खाऱ्या वाऱ्यात वाढतात, जाड मेणचट पान तिथं कामाला येतं.

द्राक्षबाग

बागेत मालकाशिवाय पाऊल टाकू नका आणि फवारणी कधी झाली ते आधी विचारा. मण्यांना, पानांना हात लावायचा नाही. पानांवर निळसर पांढरे डाग असतील तर ते बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षपट्ट्यातून हे औषध १८८५ साली पुढं आलं, तिथल्या केवडा रोगावर. आज तासगावात तोच रोग डाऊनी नावानं घराघरांत माहीत आहे.

वेल तिकडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, वसंतात फुटतो, आणि वर्षातून एकदा छाटला जातो. इथं त्याला झोप लागत नाही. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. उन्हाळ्यात वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यांतच पुढच्या घडांचा पाया घातला जातो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. छाटणीच्या दिवसांत गेलात तर रंग लागलेल्या काड्यांपासून लांब राहा, ते विषारी आहे.

जानेवारीत मांडवाखाली वाकून घड बघा. मणी कडक, हिरवे आणि आंबट असतील तर अजून पाणी उतरलेलं नाही, म्हणजे ते पिकू लागलेले नाहीत. बोटानं न दाबताही कळतं : पाणी उतरलेला मणी अर्धपारदर्शक होतो, उजेडासमोर बिया किंवा शिरा दिसतात. नवीन वेलाची धरी, म्हणजे ताणा, कुठून निघतो तेही बघा. द्राक्षाचा ताणा नेहमी पानाच्या समोरच्या बाजूनं निघतो, भोपळ्यासारखा पानाच्या बेचक्याजवळून नव्हे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बेदाण्याची शेड चुकवू नका. जाळीच्या एकावर एक मांडणीत घड पसरलेले असतात, वर सावलीची जाळी. सुकवण्याआधी घड द्रावणात बुडवतात : एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं मोकळा होतो आणि आतलं पाणी लवकर निघतं. नाहीतर मणी आत ओला राहून काळवंडतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. भूमध्य समुद्राकाठी हेच काम जुन्या काळी लाकडाच्या राखेच्या निवळीनं आणि ऑलिव्हच्या तेलानं करायचे. राखेत पोटॅशच असतं, म्हणजे कृती तीच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

तिकडची वाटणारी, पण तिकडची नसलेली

चित्रांत ग्रीसच्या पांढऱ्या भिंतींवर लटकणारी बोगनवेल ब्राझीलची. बांधावरचं घायपात मेक्सिकोचं. फड्या निवडुंग अमेरिकेचा, आता तो भूमध्य समुद्राकाठीही माजला आहे. घाणेरी अमेरिकेची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ही सगळी कोरड्यात टिकतात म्हणून फसायला होतं. शंका आली तर ते झाड कधी वाढतं ते बघा. पावसाळ्यात जोमानं वाढून हिवाळ्यात थांबणारं झाड बहुधा भूमध्य समुद्राकडचं नसतं.

कुंडीतली रोजमेरी आणि लॅव्हेंडर हा स्वतंत्र विषय, थोडक्यात सांगतो. ती इथं थंडीनं मरत नाहीत, जुलैत मरतात. ऊब आणि ओल एकदम आली की मुळं कुजतात. मातीची कुंडी घ्या, एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा, शेणखत मूठभर. जूनच्या पहिल्या पावसाआधी कुंडी पागोळीच्या आत, पण उजेडात ठेवा. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी नको. ऑलिव्हचं झाड नर्सरीत मिळतं आणि इथं हिरवं राहतंही, पण फुलण्यासाठी त्याला कडक थंडी लागते. फळाच्या आशेनं लावू नका.

वाटेवरचे धोके

गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या अरुंद रस्त्यानं येतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहू नका. उजव्या कडेनं, येणाऱ्या वाहनाकडं तोंड करून चाला. पिकांभोवतीच्या कुठल्याही तारेला हात लावू नका, डुकरांसाठी त्यात वीज सोडलेली असू शकते. दगडी बांधात, गंजीत, पाल्यात हात घालू नका. घोणस थंडीच्या सकाळी उन्हाला येऊन पडते आणि हलत नाही. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर गवत वाढलेलं असतं, कड दिसत नाही, मुलांना तिथं हात धरून न्या. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली अत्तर लावून किंवा बिडी ओढत थांबू नका. वस्तीवरची कुत्री धावून आली तर पळू नका, जागीच उभे राहून घरातल्या माणसाला हाक मारा.

घरी आल्यावर

त्याच दिवशी वहीत प्रत्येक थांब्यापुढं तीन गोष्टी लिहा : तारीख, झाड कुठल्या अवस्थेत होतं (रोप, कळी, फूल, शेंग, वाळलेलं), आणि जमीन जिराईत की बागायत. नावाची खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, अंदाजानं नाव लिहू नका. त्याच रस्त्यानं तीन आठवड्यांनी पुन्हा जा, आणि मार्चच्या मध्याला एकदा. तोवर जिराईत हरभरा उपटून खळ्यावर गेलेला असतो, जवस तपकिरी झालेला असतो, ॲनागॅलिस सापडत नाही. कण्हेर मात्र तशीच हिरवी असते. तिसऱ्या फेरीला खपलीची वाळलेली ओंबी मागायला विसरू नका, जानेवारीत राहिलेली परीक्षा तेव्हा होते.